स्विमिंग पूलमधलं क्लोरीन टिकतच नसेल तर

रोज क्लोरीन टाकताय आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट केली की शून्य, तर आधी अजून टाकणं थांबवा आणि ते जातंय कुठे ते बघा. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन (म्हणजे अजून वापरलं न गेलेलं, काम करू शकणारं) मोजायचं, सकाळी ऊन यायच्या आत परत मोजायचं. रात्रीत 1 पीपीएमपेक्षा (दहा लाखात एक भाग) जास्त उतरलं तर पाण्यात शेवाळ किंवा घाण आहे, ती क्लोरीन खातेय. मग पीएच 7.2 ते 7.4 वर आणून संध्याकाळी शॉक द्यायचा, म्हणजे एकदम क्लोरीनचा मोठा डोस, पंप चालू ठेवून, भिंती ब्रशने नीट घासून, आणि रात्रीची घट थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं, मधेच कंटाळून सोडलं की सगळं पहिल्यापासून.

रात्री टिकतं पण दिवसा उडतं? मग क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर कमी आहे, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. ते साधारण 30 ते 50 पीपीएम हवं. उलट हे मिसळलेल्या क्लोरीनच्या टॅब्लेटवर टॅब्लेट टाकून हेच फार वाढलं की क्लोरीन असूनही धड काम करत नाही, तेव्हा थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच खात्रीचा उपाय, बाकी बाटल्यांवर पैसे घालवू नका.

आणि हो, वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीन कधीच एकत्र मिसळू नका, कोरडीसुद्धा नाही, भडका उडू शकतो.