सुट्टी घेऊनही थकवा जात नसेल तर: बडोद्यातल्या आपल्या आर्टिस्ट लोकांसाठी

घरातले पहिलेच डिझायनर, पहिलेच आर्किटेक्ट असलेल्या आपल्या बहुजन मुलामुलींना थकवा आला की सगळे म्हणतात सुट्टी घे, फिरून ये. घ्याच सुट्टी, पण परत आल्यावर तोच कमी रेट आणि तेच जास्तीचं काम असेल तर पुन्हा तेच होणार, म्हणून आधी कामाचा हिशोब बघायचा.

बाबासाहेब 1917 मध्ये कोलंबियात शिकून सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला आले, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना, ऑफिसात शिपाई लांबून फायली टाकायचे, शेवटी नोकरी सोडून मुंबईला जावं लागलं. त्यांच्यात काही कमी होतं का? मग तुम्ही थकलात तर स्वतःला कमजोर का म्हणायचं!

तर एक महिनाभर वहीत दोन रकाने करा, पैसे मिळालेलं काम आणि फुकटचं काम. फुकटच्यात ऑफिसचं जयंतीचं पोस्टर येतं, "तुमच्या समाजाबद्दल दोन शब्द बोला" येतं, नव्या पोरांना सांभाळणं येतं, आणि कोणी आरक्षणावर कमेंट मारली तेव्हा गप्प बसलात तेही लिहा, त्यात ताकद जातेच. अमेरिकेतले ब्लॅक आर्टिस्ट हेच सांगत आलेत, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ आला की बोलावणी, नंतर शांतता. आपल्याकडे एप्रिलमध्ये तसंच होतं. अशा फोनला सरळ विचारा, हे काम ऑगस्टमध्ये, दुसऱ्या विषयावर, याच फीमध्ये मला द्याल का? उत्तरावरून ठरवा.

रेट फोनवर बोलू नका, मेसेज टाका: "काम करायला आवडेल. फी एवढी, निम्मे ॲडव्हान्स, दोन करेक्शन त्यात, पुढच्या करेक्शनचे वेगळे." झालं, लांबलचक कारणं द्यायची नाहीत.

आता पेमेंट, कारण सगळ्यात जास्त जीव इथेच जातो. नवरात्रीच्या स्टेजचे पैसे दिवाळीनंतर, मग उत्तरायणनंतर, आपण फोन करत बसायचं. फ्रीलान्स करत असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या, आधार लागतं, ऑनलाइन होतं आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे छोट्या सप्लायरचं पेमेंट, लेखी मुदत ठरली असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. नाही दिलं तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा अडकलेल्या पेमेंटच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येतं. बिलावर उद्यम नंबर छापा, बिल आणि काम दिल्याचा मेल दोन्ही जपून ठेवा.

एकट्याने हे जमत नाही, खरंच नाही. 1963 मध्ये न्यूयॉर्कात रोमेअर बेर्डन, नॉर्मन लुइस, हेल वुडरफ या ब्लॅक पेंटर मंडळींनी स्पायरल नावाचा ग्रुप केला होता, भेटायचे, वाद घालायचे, 1965 मध्ये एकत्र शो पण केला. आपणही दांडिया बाजारात कोणाच्या घरी महिन्यातून एकदा बसू शकतो, आणि पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपला रेट मोठ्याने सांगायचा, म्हणजे कोणाला निम्म्यात राबवतायत ते लगेच कळतं. ज्या दादा-ताई सीनियर आहेत त्यांनी आधी सांगावं, लहान पोरं मग बोलतात.

झोप उडाली, कामाला हात लावावासा वाटेना, असं चालूच राहिलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

आणि जातीवरून अपमान झाला असेल तर तारीख, जागा, समोर कोण होतं ते त्याच दिवशी लिहा, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण पोलिसांत जायच्या आधी वकिलाशी बोला. स्क्रीनशॉट घरच्या कोणाच्या फोनवरही पाठवून ठेवा, कंपनीने लॅपटॉप परत घेतला की त्यातलं सगळं हातातून जातं.