आजारातून उठलेला घोडा पुन्हा मैदानात उतरवताना या चुका टाळा

पावसाळा सरता सरता नाशिक, निफाड, येवला भागातल्या तबेल्यांत घोड्यांचे ताप सुरू होतात. घोडमाशा आणि गोचीड यांचा तो काळ. आणि मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा, म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार, असते. मधे हातात असतात जेमतेम अडीच-तीन महिने. घोडा या काळात उठतो, चंदी (रोजचा दाणा) संपवायला लागतो, अंगावर तकाकी येते, खिंकाळून हाक देतो. मालकाला वाटतं, झाला तयार.

बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आजारानंतर भूक आणि उमेद सर्वांत आधी परत येते. रक्त त्यानंतर भरतं, फुप्फुसं त्यानंतर, आणि पायांच्या शिरा-बंध व हाडं सर्वांत शेवटी, तीन ते सहा महिन्यांनी. घोडा स्वभावानेच पुढे धावणारा प्राणी आहे. स्वार म्हणेल तितकं तो धावतो, आणि आत काय बिघडलंय ते संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी कळतं.

चूक: स्पर्धेच्या तारखेवरून उलटे दिवस मोजणं

मोजणी आजाराच्या शेवटापासून सुरू करायची. श्वसनाच्या आजारात एक साधा हिशेब वापरतात: जितके दिवस ताप होता, तितके आठवडे विश्रांती, आणि ताप एक-दोन दिवसच असला तरी किमान तीन आठवडे. पाच दिवस ताप होता तर पाच आठवडे. त्यानंतर तयारीचे आठ-दहा आठवडे. सप्टेंबरअखेरीस आजारी पडलेला घोडा या हिशेबाने डिसेंबरच्या यात्रेत बसत नाही. नाही बसत तर नाही न्यायचा.

पोटशुळाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वेळ वेगळा: साधारण एक महिना तबेल्यात राहून फक्त हाताने फिरवणं, दुसरा महिना लहान वाड्यात, म्हणजे कुंपणाच्या आवारात, मोकळा, तिसरा मोठ्या वाड्यात, आणि मग खोगीर. पोटाचा टाका बाहेरून दोन आठवड्यांत सुकलेला दिसतो, पण आतल्या भिंतीला ताकद यायला हे तीन महिने लागतात.

वरातीचं कामही स्पर्धेइतकंच मोजा. तुळशीचं लग्न झालं की मागणी सुरू होते, आणि डांबरावर, गोंगाटात, पाठीवर माणूस घेऊन तीन तास नाचणं अशक्त घोड्याला शर्यतीहून हलकं नसतं.

चूक: ताप उतरला म्हणजे छाती बरी झाली असं समजणं

घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ते खाली आलं तरी श्वासनलिकेचं आतलं अस्तर भरायला तीन आठवडे लागतात. या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि कफ वर ढकलण्याचं काम ते करतात. ते तयार होण्याआधी घोडा पळवला तर धूळ थेट खोल जाते, खोकला मुरतो, आणि कधी न्यूमोनिया उलटतो. फ्लूसारख्या विषाणूने हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. अशा घोड्याला जोराचं काम देणं जिवावर बेतू शकतं.

काम सुरू करण्याआधी पशुवैद्यकाकडून छाती नीट ऐकून घ्या. नाकपुड्यांवर थोडा वेळ मोठी प्लास्टिकची पिशवी धरून घोड्याला खोल श्वास घ्यायला लावतात आणि मग स्टेथोस्कोप लावतात. शांत उभ्या घोड्यात न ऐकू येणारी घरघर अशा वेळी ऐकू येते. पिशवी लावताच घोडा खोकू लागला किंवा काढल्यावर श्वास लवकर जागेवर आला नाही, तर अजून थांबायचं. पण हे काम पशुवैद्यकाचंच. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, करून बघू नये.

तबेल्यात तुम्ही करण्यासारखं पुष्कळ आहे. कडबा किंवा वाळलेलं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून द्या. झाडलोट घोडा बाहेर असताना करा. तोबरा (तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी) काही महिने बाजूला ठेवा आणि चारा जमिनीवर घाला. मान खाली गेली की छातीतला कफ आपोआप वाहून बाहेर येतो. मान वर बांधून ठेवलेल्या घोड्यात तो साचतो.

चूक: रक्त न तपासता कामाला जुंपणं

सर्रा (घोडमाशांमुळे पसरणारा रक्ताचा आजार) आणि गोचीड ताप या दोन्हींत रक्तातल्या तांबड्या पेशी मरतात. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तच कमी असेल तर कितीही खुराक द्या, दम टिकणार नाही. तपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, बघायचं. घोड्यात ते साधारण ३२ ते ४५ टक्के असतं. त्याखाली असेल तर फक्त चालवणं. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून आकडा वर जातोय का ते बघा. नमुना सकाळी, घोडा शांत असताना घ्या. घाबरलेला किंवा नुकताच पळालेला घोडा प्लीहेतलं राखीव रक्त बाहेर सोडतो आणि आकडा खोटा वाढतो.

सर्रा उलटू शकतो. गोचीड तापाचे जंतू तर उपचारानंतरही अनेक घोड्यांच्या अंगात राहतात, आणि प्रवास, जोराचं काम, थंडी यांनी डोकं वर काढतात. म्हणून काम वाढवण्याच्या सगळ्या काळात रोज सकाळी तापमान लिहून ठेवा. सर्‍यामध्ये मागचे पाय लडबडण्याची शक्यता असते. अशा घोड्याला नाचाच्या सरावात दोन पायांवर उभं करणं लांबणीवर टाका. लहान वर्तुळात वळवून बघा. मागचा पाय घसटत असेल, एकमेकांत अडकत असेल, तर तो अजून तयार नाही.

चूक: रक्तवाढीची इंजेक्शनं आणि हाती येईल तो खुराक

या दोन आजारांत लोह कमी पडलेलं नसतं, पेशी फुटलेल्या असतात. घोड्याला लोहाची कमतरता क्वचितच होते, आणि लोहाचं इंजेक्शन दिल्यावर जागीच कोसळून मेलेले घोडे नोंदले गेले आहेत. तपासणीशिवाय ते देऊ नका.

दुसरा धोका नाशिक जिल्ह्यात विशेष आहे, कारण इथे कुक्कुटपालन भरपूर आहे. वाळलेल्या घोड्याला वजन यावं म्हणून कोंबडीखाद्य मिसळू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाचा स्नायू ते फार थोड्या मात्रेत मारतं. गायी-म्हशींच्या खाद्यालाही हीच शंका लावा. एकच घमेलं, एकच फावडं दोन्हीकडे वापरू नका.

आधी वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे वजन किलोत. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३४४ किलो. याच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सव्वापाच ते सात किलो, कोरडा चारा रोज पोटात गेलाच पाहिजे. चंदी त्यावर, तीन-चार वेळांत वाटून, आणि दर तीन-चार दिवसांनी पाव किलोपेक्षा जास्त वाढवायची नाही. गव्हाचा कोंडा मूठभर ठीक. तोच मुख्य खुराक केला तर फॉस्फरस वाढतो आणि हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. थोडा लसूणघास रोज दिला तर ही तूट भरते.

चूक: पहिलं महिनाभर चालवणं गाळून थेट दुडकी

हा भाग कंटाळवाणा असतो, म्हणूनच गाळला जातो. पहिले दोन आठवडे पाठीवर कोणी नको. हाताने दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं चालवा, दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवत तीस-पस्तीसपर्यंत न्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोगीर टाकून तेवढंच चालवणं. पाचव्या आठवड्यात दोन मिनिटं दुडकी, तीन मिनिटं चाल, असे तीन-चार फेरे. सातव्या आठवड्याच्या शेवटी दुडकी एकूण वीस मिनिटांवर आली की त्यानंतर एक-दोन मिनिटांचा कॅन्टर, म्हणजे दुडकीहून वेगाची हलकी दौड. वेळ, वेग आणि जमीन यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. जोराचं काम आठवड्यात दोनदाच, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही.

जमीन मुरमाची, सपाट शोधा. निफाड-दिंडोरीची काळी जमीन ओली असताना पाय ओढून धरते आणि कोरडी झाली की तिला भेगा पडतात. अशक्त पायांना दोन्ही वाईट. डांबरावर चालवणं चालेल, दुडकी नको. हिवाळ्यात निफाडकडची पहाट फार गार असते, तेव्हा ऊन आल्यावर निघा आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त चाल ठेवा.

नाडी मोजायला शिका, कारण घोडा खोटं बोलला तरी नाडी खोटं बोलत नाही. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर, आतल्या बाजूने, दोन बोटं आडवी फिरवा. हाडावर एक शीर दोरीसारखी सरकते. ती हलकेच दाबून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. विश्रांतीत २८ ते ४४ असते. काम थांबवल्यावर दहा मिनिटांत ती ६० खाली आली पाहिजे.

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत वापरतात ती चाचणी इथेही उपयोगी पडते. घोडा शांत झाल्यावर नाडी मोजा. मग त्याला हाताने ३८ मीटर पुढे आणि तितकंच परत दुडकी चालीत न्या. निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर काम झेपलं. चार किंवा जास्त ठोके वाढले तर दमला आहे किंवा कुठेतरी दुखतंय, दुसऱ्या दिवशी काम अर्धं करा. रवाल चालीच्या (दुडकीऐवजी न हिसकता जलद चालणाऱ्या) घोड्याला त्याच्याच चालीत न्या, फक्त दर वेळी तीच चाल ठेवा.

चूक: खोगीर, नाल आणि गळ्याची शीर न बघणं

आजारात पाठीचं मांस उतरतं. जुनं खोगीर मग मानेमागच्या उंचवट्यावर टेकतं. खाली जाड गादी घालून भागवू नका, त्याने दाब फक्त दुसरीकडे सरकतो. घामानंतर खोगीर काढून बघा: ओल्या पाठीत जो कोरडा ठिपका राहतो, तिथे दाब आहे.

मोठ्या तापानंतर टापेवर आडवी रेघ उमटते आणि टाप महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढते तशी ती खाली सरकते. रेघ एकसारखी असेल तर चिंता नाही. पण टाप गरम लागत असेल, घोडा पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर उभा राहत असेल, तर लॅमिनायटिस (टापेच्या आतली सूज) समजून काम लगेच थांबवा. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवा.

सलाईन बरेच दिवस लावलं असेल तर गळ्याच्या दोन्ही शिरा बोटाने दाबून फुगतात का बघा. एक कडक, बंद लागली तर पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय वेगाचं काम नाही.

चूक: प्रवासात मान बांधून नेणं

धुळे-दोंडाईचामार्गे सारंगखेडा किंवा कसारा घाटातून मुंबई, मान आखूड बांधून नेलेला घोडा छातीत कफ साठवत जातो. दर तीन-चार तासांनी थांबून अर्धा तास मान मोकळी, खाली चारा आणि पाणी द्या. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या. ३८.५ च्या वर गेलं तर मैदानात उतरवू नका.

चूक: औषधं आणि लसीचा हिशेब न ठेवणं

फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक देऊन लंगडेपणा झाकला तर जखम वाढते आणि नियमांच्या स्पर्धेत घोडा बाद होतो. प्रोकेन पेनिसिलिन या प्रतिजैविकातलं प्रोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, रक्तात बराच काळ सापडतं, म्हणून प्रत्येक इंजेक्शनची तारीख वहीत हवी. आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत फ्लूची लस सहा महिने एकवीस दिवसांच्या आत घेतलेली लागते, आणि पोचण्याआधीच्या सात दिवसांत घेतलेली चालत नाही. स्ट्रँगल्स (घशाच्या गाठी पिकवणारा संसर्गजन्य आजार) झालेला घोडा बरा दिसला तरी महिनोन् महिने जंतू पसरवू शकतो. नाकाच्या किंवा घशाच्या नमुन्यांची तपासणी झाल्याशिवाय त्याला इतर घोड्यांत मिसळू नका. यात्रेला नेण्याआधी ग्लँडर्स या घातक संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणीही वेळेत उरकून घ्या.

मध्येच अडलं तर

दुडकी सुरू होताच एक-दोन खोकले येत असतील तर आधी चारा आणि धूळ सुधारा, आठवडाभर फक्त चालवा, तरी राहिले तर छाती पुन्हा तपासा. चंदी उरत असेल आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर असेल तर त्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर रक्त तपासा. कामानंतर एका पायात गरमी किंवा सूज दिसली तर पायावर वीस मिनिटं थंड पाणी, आणि दोन आठवडे कामाच्या आधीच्या टप्प्यावर परत. लघवी तांबूस-काळी झाली तर घोडा तिथेच उभा करा, चालवत घरी आणू नका, पाणी समोर ठेवा आणि पशुवैद्यकाला तिथेच बोलवा.