एरॉल फ्लिनच्या सिनेमातला इतिहास तपासताय? या चुका टाळा

हॉलिवूडचा नट फ्लिन याच्या ऐतिहासिक भूमिकांवर लिहायला बसलेला नवखा माणूस आधी काय करतो, तर पडदा थांबवून बटणं मोजतो. टोपी कुठल्या पलटणीची, बंदूक कुठल्या सालची. बटणं चुकलेली असतातच, ती शोधायला फार अक्कल लागत नाही. खरा घोळ असतो तो कोणी काय केलं आणि का केलं, यात.

'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' (1941) घ्या. फ्लिन यात अमेरिकन घोडदळाचा अधिकारी जॉर्ज कस्टर झालाय. शेवटच्या लढाईत लांब केस, हातात तलवार. प्रत्यक्षात 25 जून 1876 ला लिटल बिगहॉर्नवर, म्हणजे जिथे तो मारला गेला त्या लढाईत, कस्टरचे केस बारीक कापलेले होते आणि त्याच्या सातव्या घोडदळाने तलवारी मागे तळावरच ठेवल्या होत्या. बहुतेकांचा लेख इथेच आटोपतो. मेख मात्र त्याआधीच मारलेली आहे. सिनेमात ब्लॅक हिल्समध्ये सोनं असल्याची अफवा लबाड धंदेवाले उठवतात आणि कस्टर लाकोटा या मूळनिवासी जमातीचा नेता क्रेझी हॉर्स याला तो प्रदेश राखण्याच्या दिलेल्या शब्दाला जागतो. खरं काय? 1868 च्या फोर्ट लारामी तहाने तो प्रदेश लाकोटांचा होता. 1874 साली तिथे मोहीम घेऊन गेला तो कस्टरच, आणि सोन्याची बातमी बाहेर आली ती त्याच मोहिमेतून. आग लावणाऱ्यालाच पडद्यावर बंब घेऊन धावताना दाखवलंय! तलवारीत अडकलेल्याला हे दिसत नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट: सगळंच थापा समजणं. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या 1861 च्या तुकडीत 34 जणांत कस्टर शेवटचा आला, हे खरं. 1876 मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध वॉशिंग्टनला साक्ष दिली, तेही खरं. ब्रिगेडियर जनरलची बढती मात्र सिनेमात दाखवलीय तशी कारकुनी चुकीने मिळालेली नाही. 29 जून 1863 ला जनरल प्लेझंटन यांच्या शिफारशीवरून तीन तरुण कॅप्टन एकदम वर चढले, कस्टर त्यातला एक.

यावर उपाय म्हणजे वही. तीन रकाने आखायचे: तारीख, कोणी, का. सिनेमा एकदा न थांबवता बघायचा, दुसऱ्यांदा बघताना रकाने भरायचे. तिसरा रकाना कोराच राहिला तर लेख लिहायचा नाही. पाच मिनिटांच्या 'दहा चुका' व्हिडिओवरून रकाने भरणार असाल, तर वहीचा खर्च तरी कशाला?

'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (1936) मध्ये पहिला रकानाच सगळं सांगून जातो. हिंदुस्थानातल्या चुकोटीच्या कत्तलीचा सूड म्हणून फ्लिनचं पात्र हुकूम बदलतं आणि बालाक्लाव्हाला घोडे घालतं. क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई 25 ऑक्टोबर 1854 ची. ज्यावरून चुकोटी बेतलंय ती कानपूरच्या सतीचौरा घाटावरची कत्तल 27 जून 1857 ची. म्हणजे सूड आधी, कत्तल नंतर. खरा घात ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनच्या मोघम हुकमाने आणि तो घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनच्या तोंडी उत्तराने झाला. सिनेमातली सत्ताविसावी लान्सर्सही तिथे नव्हती. भालेवाली पलटण एकच, सतरावी. कानपूर दिसलं म्हणून सिनेमातला खलनायक सुरत खान याला नानासाहेब पेशवे ठरवू नका, तो पूर्ण काल्पनिक आहे. कथा कल्पित असल्याचं सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलंय. पाटी पुढे ढकलून सिनेमा बघणाऱ्यांना काय म्हणावं!

'सांता फे ट्रेल' (1940): यात फ्लिन जेब स्टुअर्ट झालाय. स्टुअर्ट आणि कस्टर वेस्ट पॉइंटला वर्गमित्र नव्हते, स्टुअर्ट बाहेर पडला त्या 1854 ला कस्टर चौदा वर्षांचा होता. गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनचा छापा मोडला गेला त्या हार्पर्स फेरीला मात्र स्टुअर्ट खरोखर होता.

रॉबिन हूड: दंतकथा आहे, सोडून द्या.

'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' (1945): एकेक प्रसंग तपासत बसू नका, कोण दिसत नाही ते बघा. ब्रिटिशांनी आरडाओरड केली आणि सिनेमा तिकडे आठवड्याभरात उतरवावा लागला, कारण बर्मा अमेरिकन छत्रीधाऱ्यांनीच जिंकल्यासारखा वाटतो. बर्मात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीतले हिंदी सैनिक त्या आरडाओरडीतही फारसे कोणाला आठवले नाहीत, आणि मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढलेली मराठा पलटण तर नाहीच नाही.