स्वस्तात पिकअप बदलायचे आहेत? आधी मोजा

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, गणपती, हळदी, गावजत्रा. गिटार इलेक्ट्रिक, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या (स्ट्रॅट) आकाराची, सेकंडहँड, ९ हजारांची. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीत एका मंडपात स्टेजचे लाइट डिमरवर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लागले आणि ॲम्पमधून इतकी घरघर सुरू झाली की गाणाऱ्या ताईंनी अंतरा सोडून मागे पाहिलं. त्याच रात्री घरी येऊन मी साडेतीन हजारांचा पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉईलचा, सेट मागवला. मोजमाप काहीच केलं नव्हतं. सेट आला तेव्हा कळलं की माझ्या तारा जवळजवळ आहेत आणि नव्या पिकअपचे चुंबक लांबलांब. बारीक ई तार चुंबकाच्या आत पडायची, बेंड केली (बोटाने बाजूला ओढली) की आवाज गळायचा. आणि घरघर होती तशीच.

म्हणून आता कुणी विचारलं, तर मी आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला सांगतो. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) तार दाबून धरा आणि तार ते चुंबक अंतर बघा. साध्या सिंगल कॉईलला (एकाच कॉईलच्या पिकअपला) जाड ई खाली साधारण २ मिलिमीटर, बारीक ई खाली दीडच्या किंचित वर. पिकअप त्याहून फार वर आला असेल, तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवरचे जाड स्वर बेसूर, डगमगते येतात. फार खाली असेल, तर आवाज मरगळलेला. तारा नव्या घाला, उंची लावा, मग आठवडाभर वाजवा. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच झालंय.

तरी समाधान नसेल तर मल्टिमीटर काढा, साधा चालतो. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, मीटर २० किलोओहमवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक नि त्याची दांडी यांना पिना लावा. एकेक पिकअप निवडून आकडा लिहून ठेवा. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) मध्ये असल्याने आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो. स्ट्रॅटच्या जुन्या घाटाच्या सिंगल कॉईलचा साडेपाच ते साडेसहा, हमबकरचा (दोन कॉईलच्या पिकअपचा) साडेसात ते साडेआठ किलोओहम. आकडाच आला नाही, तर पिकअप मेला असं लगेच समजू नका, आधी स्विच आणि सोल्डरचे डाग तपासा.

विकणारे हा आकडा 'पॉवर' म्हणून पुढे करतात. त्यावर पिकअप घेऊ नका. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेचे वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, मधला भाग भरतो आणि वरची चकाकी कमी होते, हे खरं. पण तार बारीक वापरली तरी आकडा चढतो, वेढे तेवढेच असले तरी. चुंबक कोणता हे विचारणं जास्त उपयोगाचं. सिंगल कॉईल उलटा करून बघा: खाली काळी सपाट पट्टी चिकटवलेली असेल तर तो सिरॅमिक, वरचे खुंटे नुसते लोखंडाचे. पट्टी नसेल आणि खुंटेच चुंबक असतील, तर बहुतेक अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. जुन्या हिंदी गाण्यांच्या ऱ्हिदमला मला अल्निको ५ आवडतो. कॉर्ड मोकळी वाजते, एकेक तार वेगळी ऐकू येते. सिरॅमिक म्हणजे टाकाऊ, असं मात्र नाही. डिमार्झिओ कंपनीचा प्रसिद्ध सुपर डिस्टॉर्शन पिकअप सिरॅमिकच आहे.

आता घरघर. सिंगल कॉईल आजूबाजूच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम (घुमणारा आवाज) पकडणारच. यावरचा उपाय, म्हणजे हमबकर, गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली काढला: दोन कॉईल एकमेकींच्या उलट गुंडाळायच्या आणि चुंबकाची टोकंही उलटी ठेवायची. हम एकमेकांना खातो, तारेचा आवाज राहतो. सेटमधला मधला पिकअप असा उलटा असला, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी (जिथे दोन पिकअप एकत्र चालतात) तुम्हाला हेच फुकट मिळतं. सेट घेताना हे विचाराच. ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) सिंगल कॉईलच्या मापाचा हमबकरही मिळतो, बॉडी कोरावी लागत नाही. पोकळीत तांब्याची टेप लावली तर डिमरची कर्कश किरकिर कमी होते, मात्र ती टेप अर्थला जोडलेली हवी. चुंबकीय हम टेपने जात नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर तो दोष नव्हे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र ताबडतोब प्लग काढा आणि सॉकेटचं अर्थिंग दाखवून घ्या.

कमी पैशांत मी विल्किन्सन आणि कोरियाचं आर्टेक या ब्रँडचे पिकअप आधी बघतो. तीनही एकदम घेऊ नका, जो खटकतो तोच बदला. माझ्या गिटारवर तो ब्रिजचा होता. मागवण्याआधी पहिल्या चुंबकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत मोजा: ४८, ५० की ५२ मिलिमीटर. उरलेल्या पैशांत लॅमिंग्टन रोडवरून चांगले पॉट आणा, सिंगल कॉईलला २५० के (किलोओहम), हमबकरला ५०० के.

सोल्डरिंगला ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. २५ वॅटचं पॉटच्या पाठीवर दम टाकतं आणि तोवर पॉट भाजतो. डाग देण्यापूर्वी नव्या-जुन्या पिकअपला आळीपाळीने मीटर लावा, वर लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि झटक्यात उचला. आकडा दोन्हींचा एकाच बाजूला हलला पाहिजे. उलटा हलला, तर सिंगल कॉईलच्या दोन वायरी अदलाबदल करा, नाहीतर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पत्र्यासारखा पातळ येईल.

मग घरातल्या पंख्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधोमध ठेवा आणि ॲम्प त्याच खोलीत लावा. माझ्याकडे मंडपातली घरघर तिथेच ऐकू आली होती, आणि टेप व ब्रिजचा हमबकर बसवल्यावर ती गेली की नाही, तेही मी तिथेच तपासलं.