पऱ्ह्यातली जलपर्णी: मोहीम वरून खाली न्यावी

कोकणात जलपर्णीचा उगम जवळजवळ नेहमी वरच्या अंगाला सापडतो. खाऱ्या पाण्यात ती तग धरत नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं असेपर्यंत हिरवीगार दिसते, पण पाऊस ओसरून भरतीबरोबर खारं पाणी आत चढू लागलं की पानं कडेने करपतात आणि गड्डे सडतात. त्यामुळे जेटीला किंवा पुलाच्या खांबांना अडकलेला गालिचा काढण्यात गावाचे चार रविवार घातले, तर पुढच्या पावसात तेवढाच माल पुन्हा वरून येणार. मोहिमेची सुरुवात म्हणूनच पायपिटीने होते.

डिसेंबरात पाणी निवळलं की तिघाचौघांनी पऱ्ह्याच्या, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या, कडेने वर चालत जावं आणि प्रत्येक ठिकाण मोबाइलवर टिपून घ्यावं. देवळाची तळी, गुरांची डबकी, शेततळी, वनराई बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी, वस्तीचं गटार मिळतं ती जागा, सगळं पाहावं. बंद पडलेल्या चिरेखाणी लोक हमखास विसरतात. तिथे पाणी हलत नाही, कुणी हौसेने आणलेला एक गड्डा टाकला तरी दोन-तीन वर्षांत खाण झाकली जाते आणि जुलैत ती भरून वाहिली की पोरवडा थेट व्हाळात उतरतो. असा उगम सापडला की खाली एक फावडंही लावू नका. आधी तो संपवा.

वनस्पती ओळखून घ्या

जलपर्णीचा देठ फुगीर, आत स्पंजासारखा, आणि फूल फिकट जांभळं असतं. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलोरा उमलून गेला की दांडा वाकतो आणि बी पाण्यात पडतं. चिखलात ते पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. साल्व्हिनिया म्हणजे पाण्यावर तरंगणारं नेचं (फर्न). पानावर बोट टेकवून पाहा, उभी बारीक लव लागते आणि पाणी पानावरून ओघळून जातं. तिला उगवणारं बी नसतं, ती तुकड्यांनीच वाढते. म्हणजे शेवटचा तुकडा निघाला तर ती खरोखर संपते, पण त्यासाठी जाळं बारीक घराचं हवं.

काठावरचे दोन दांडगे म्हणजे बेशरम आणि रानमोडी. बेशरम तोडून काठावर टाकली की प्रत्येक तुकडा मूळ धरतो, कुंपणाला खोवली तरी. तिचं खोड पहारेने उपटून काढावं, उन्हाळ्यात तापलेल्या कातळावर पसरावं, आणि शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नये, कारण ती विषारी आहे. रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि तिचं बी वाऱ्यावर उडतं. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती ओली असताना, मुळासकट उपटावी. नुसती कोयत्याने छाटली तर बुडातून चौपट फुटते.

काय काढायचं नाही तेही कामाच्या आधी दाखवून द्या. काठ धरून ठेवणारे वाळुंज, करंज, केवडा, उंडी, आणि खाडीकडची तिवर, चिपी, कांदळ यांना कोयता लागता कामा नये. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. त्यात अडकलेली जलपर्णी हाताने उचलायची असली तरी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारून मगच आत शिरावं.

परवानगी आणि माणसं

तळं ग्रामपंचायतीचं, धरण नि नदी बहुधा जलसंपदा विभागाची, काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर. या तिघांपैकी तिसराच मोहीम अडवतो. माल कुठून वर काढणार, कुठे पसरणार, ट्रॉली कुणाच्या बागेतून जाणार, हे वाडीवार बसून ठरवा आणि मालकाची लेखी संमती घ्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला तर फेब्रुवारी ते एप्रिल काम करता येतं. जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, तिच्यात या ठिकाणांची नोंद करून घ्या. खाडीत जाळी लावणारे मच्छीमार आणि नळपाणी योजनेचा पंप चालवणारा माणूस बैठकीत हवेतच. पाण्याची रोजची हालचाल त्यांना ठाऊक असते.

शिमग्याला आणि मे महिन्यात आलेले चाकरमानी मोठ्या उपशाला उपयोगी पडतात. पुढच्या पाळतीची जबाबदारी मात्र बारमाही गावात राहणाऱ्यांवरच टाका.

किती माल निघेल?

हा अंदाज चुकला की काम अर्ध्यावर राहतं. चार बांबूंची एक मीटर बाय एक मीटरची चौकट बांधून दाट जागी पाण्यावर ठेवा. आतली सगळी जलपर्णी मुळांसकट काढून पाच मिनिटं निथळू द्या आणि पोत्यात भरून काट्यावर तोला. उंच, दाट वाढीत २५ ते ४० किलो भरतात. ३० किलो धरले तर गुंठ्याला, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरला, ३ टन ओला माल होतो. एका माणसाकडून ओढणं, काठावर चढवणं, पसरणं धरून दिवसाला ५००-६०० किलो, म्हणजे गुंठ्याला पाच-सहा माणसं. यात गाडीभाडं आलं नाही. पण मालात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून तो चार-पाच दिवस वाळवूनच हलवावा. खेपा कितीतरी कमी होतात. ओलाच ट्रॉलीत भरणं म्हणजे भाडं देऊन पाणी वाहणं.

अडसर बांधणं

वर काम सुरू झालं की सुटलेले गड्डे खाली जातात, म्हणून आधी अडसर. १६ मिमीची नायलॉनची दोरी, दर मीटरला घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, खाली जुन्या जाळ्याची दीड फुटाची झालर आणि तिच्या कडेला वजनाला शिसं किंवा खडे. दोरी प्रवाहाला आडवी सरळ बांधली तर माल मध्यावर साचतो, दोरी धनुष्यासारखी ताणते आणि झालर उचलली जाऊन सगळं खालून निसटतं. ती ४५ अंशांत तिरकी बांधा. माल आपोआप खालच्या टोकाला सरकतो, आणि तिथेच काठ उतरता असला की उपसायला सोपं. २० मीटर पात्राला सुमारे ३० मीटर दोरी लागते. झाडाला बांधताना सालीभोवती पोतं गुंडाळा. साकवाच्या कठड्याला बांधू नका. मे अखेरीस अडसर सोडायचाच, नाहीतर पहिल्या लोंढ्यात तो काठ घेऊन जातो.

भरतीचा जोर पोचतो त्या पट्ट्यात पाणी गोडं असलं तरी दिवसातून दोनदा उलटं फिरतं आणि माल अडसराच्या मागे न राहता वर जातो. तिथे भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस धरा. तिथीच्या पाऊणपट ही पूर्ण भरतीची ढोबळ वेळ: अष्टमीला सहा वाजता, ओहोटी सव्वाबाराच्या सुमारास. खाडीत आत जावं तसा उशीर होतो, तेवढा जमेस धरा. अष्टमी-नवमीला सकाळी आठ ते बारा उतरत्या पाण्यावर काम केलं तर ओढ बेताची असते आणि माल अडसराकडे येत राहतो.

उपसा आणि विल्हेवाट

लांब दांड्याचं दाताळं आणि आकडी लावलेला बांबू, एवढ्यावर बहुतेक काम होतं. मुळं हाताशी आली पाहिजेत. वरची पानं ओरबाडली तर गड्डा पुन्हा फुटतो. जेसीबी तळ्यात चालेल, पऱ्ह्यात नको. तो काठाची माती आणि वाळुंजाची मुळं एकत्र खरवडतो आणि पावसात काठ खचतो.

वाळवण काठावर चालेल, पण पाच दिवसांत माल गेल्या वर्षीच्या पुराच्या खुणेच्या वर गेला पाहिजे. ही खूण झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या नि प्लास्टिकवरून दिसते. खाली राहिलेला ढीग जूनमध्ये परत पाण्यात उतरतो. ‘खाडीत ढकला, खारं पाणी मारेल’ हा सल्लाही ऐकू नका. मरते खरी, पण सडताना पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात आणि जाळी फाटतात.

फुलोऱ्याआधी काढलेली वाळकी जलपर्णी नारळ-सुपारीच्या आळ्यात सहा इंच जाडीने पसरावी. फुललेली असेल तर खत करा: १० बाय ४ फुटांचा, ३ फूट खोल खड्डा, नऊ इंच सुकलेला माल, वर दोन घमेली शेण पाण्यात कालवून, मूठभर माती, पुन्हा थर. आठवड्याने मध्यभागी लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढा; हातात धरवत नसेल तर आच बरोबर. कडेचा माल तापत नाही, बी तिथेच जगतं, म्हणून दर पंधरवड्याला कडेचं आत आणि आतलं बाहेर करावं. तीन महिन्यांनी तयार झालेलं खतही वायंगणात (उन्हाळी भातात) किंवा व्हाळाकाठी घालू नका, वरच्या आंब्यांना घाला. लोटे, महाड, रोह्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांच्या खालच्या पट्ट्यातला माल खाण्याच्या पिकाला नकोच. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषते.

तणनाशक पऱ्ह्यात फवारू नये. खाली कुणाची तरी विहीर किंवा जॅकवेल (पाणीयोजनेची उपसा विहीर) असते आणि एकदम मेलेला माल तिथेच सडतो. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्राने २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे भारतात १९८० च्या दशकापासून वापरात आहेत, पण त्यांना काही वर्षं लागतात. बंद तळ्यात ते उपयोगी. पऱ्ह्यात दर पावसाळ्यात झाडासकट वाहून जातात.

पाण्यात उतरण्याआधी

वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री या नद्यांत मगरी आहेत. तिथे दाट माल काठावरूनच ओढावा, आणि फेब्रुवारी ते एप्रिल वाळूच्या उंच काठावर खणू नये, तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. गमबूट आणि रबरी हातमोजे सगळ्यांना. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नका. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती खरी आहे. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विचारून ठेवा.

नंतरची पाळत

मोकळ्या झालेल्या पाण्यात ऊन तळाशी पोचतं आणि चिखलातलं बी रुजतं. लोक म्हणतात मोहीम फसली. खरं तर हे होणारच असतं. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी फेरी, नंतर महिन्याला एक. रोप चार पानांचं असताना टोपलीभर निघतं. दोन महिने गेले की पुन्हा ट्रॉली. साकवावरून एकाच जागेवरून दर फेरीला फोटो घ्या. वहीत तारीख, जागा, किती टोपल्या आणि सही. गटाराचं पाणी येत राहिलं तर आकडा खाली येत नाही, तेव्हा त्या घरांचे शोषखड्डे याच वर्षाच्या कामात धरा. उघडा पडलेला काठ जूनच्या पहिल्या पावसात वाळ्याची ठोंबं वीतभर अंतराने आणि वाळुंजाच्या फांद्या लावून भरून काढा, नाहीतर दिवाळीपर्यंत तिथे रानमोडी उभी असते.