जाड बॅरल म्हणजे अचूक नेम? या चुका टाळा

रायफलीचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका, पसरला की पहिला संशय बॅरलवर (नळीवर) जातो. ‘बारीक आहे, जाड टाका’ हा सल्ला रेंजवर फुकट मिळतो आणि पुढे महागात पडतो.

जाडीतून मिळतो तो ताठपणा. तो बाहेरच्या व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र वर्गाने. छोट्या काडतुसाच्या .२२ रायफलचं १६ मिमी जाडीचं बॅरल २२ मिमीचं केलं, तर वजन जवळपास दुप्पट होतं आणि ताठपणा साडेतीन पटींहून जास्त. गोळी सुटताना असं बॅरल कमी थरथरतं. पण चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ओबडधोबड किंवा तोंडाची कडा दुखावलेली असेल, तर ही जाडी काय कामाची? लांबीही विसरू नका. त्याच जाडीचं आखूड बॅरल जास्त ताठ असतं.

‘जाड बॅरल तापत नाही’ हेही अर्धसत्य. ते उशिरा तापतं आणि थंडही उशिराच होतं. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत पहिल्या दोन-तीन गोळ्या एकत्र आणि पुढच्या एकाच दिशेला सरकत गेल्या, तर उष्णतेचा संशय घ्या. त्याआधी बॅरल आणि स्टॉकच्या (बॅरलखालच्या लाकडी भागाच्या) फटीतून कागदाची पट्टी सरकवून बघा. अडकली, तर बॅरल स्टॉकला टेकतंय. सरकणं नाही, नुसताच विखुरलेला ग्रुप असेल, तर स्टॉकचे स्क्रू, दुर्बिणीचे माउंट आणि काडतुसांचा लॉट तपासा. .२२ मध्ये दारू इतकी कमी असते की सावकाश नेमबाजीत उष्णतेला दोष देणं म्हणजे निव्वळ बहाणा.

खाचा पाडलेल्या बॅरलबद्दल तर गैरसमजच जास्त. खाचांनी बॅरल हलकं होतं, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या बॅरलपेक्षा ताठ होत नाही. सारख्या वजनाच्या साध्या बॅरलशी तुलना केली, तरच ते ताठ ठरतं.

शेवटी वजन. स्वप्निल कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये कांस्य जिंकलं त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. तोंडाकडे झुकलेलं वजन एका पवित्र्यात स्थैर्य देतं, दुसऱ्यात खांदा मोडतं. म्हणून जाड बॅरल घेण्याआधी जुन्याच बॅरलच्या तोंडाजवळ वजनं लावून तिन्ही पवित्र्यांत सराव करा. वजन लावलं की गोळी लागण्याची जागा बदलू शकते, नेम धरायची साइट नव्याने जुळवून घ्या.