पहिले मॉडेल बांधण्यापूर्वीची तयारी

मुंबईतील एखाद्या प्रायव्हेट इक्विटी फंडात (कंपन्यांत हिस्सा घेऊन काही वर्षांनी तो विकणाऱ्या निधीत) असोसिएट म्हणून रुजू झाल्यावर पहिले मॉडेल, म्हणजे कंपनीच्या पुढील वर्षांच्या हिशेबाचा एक्सेलमधला अंदाज, हाती आले, की एक्सेल उघडण्याआधी कंपनीचे मागील 5 वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद टिपांसह वाचून काढावेत, कारण प्रवर्तकांच्या कुटुंबीयांचे वेतन, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी त्या टिपांतच सापडतात. मग एकक ठरवून प्रत्येक शीटच्या माथ्यावर लिहावे. कंपनीचे आकडे लाखांत, बँकेचे कोटींत आणि परदेशी गुंतवणूकदारांचे तक्ते मिलियन डॉलरमध्ये, हा गोंधळ नेहमीचाच आहे. हाताने भरलेले आकडे निळ्या आणि सूत्रे काळ्या रंगात ठेवावीत. जुन्या व्यवहाराची फाइल वापरायची असल्यास लपवलेल्या शीट आणि बाहेरच्या फाइलींचे दुवे आधी काढून टाकावेत.

सर्वाधिक वेळ एबिटडाची, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याची, व्याख्या ठरवण्यावर द्यावा. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड-एएस 116 या भारतीय लेखा मानकानुसार दीर्घ मुदतीच्या जागांचे भाडे घसारा आणि व्याज या रूपांत दाखवले जाते, त्यामुळे धंदा तोच राहूनही एबिटडा वाढतो. दुकानांची साखळी चालवणाऱ्या एखाद्या कंपनीचा भाडे वजा जाता एबिटडा 80 कोटी आणि भाडे 12 कोटी असेल, तर नव्या मांडणीत तोच आकडा 92 कोटींच्या आसपास जातो. कंपनीची किंमत काढताना त्याला 10 ची पट लावून भाडेपट्ट्याची देणी कर्जात धरायची राहिली, तर आपण 120 कोटी जास्त मोजायला निघालेले असतो. कोणतीही एक पद्धत घ्यावी, मात्र तुलनेसाठी निवडलेल्या कंपन्यांनाही तीच लावावी.

खेळत्या भांडवलाचे दिवस (येणी, साठा आणि देणी किती दिवसांची आहेत ते) मागील वर्षांच्या आकड्यांवरून काढावेत आणि ते केवळ मार्चअखेरचे नसावेत, कारण मार्चमध्ये वसुलीचा जोर असतो. 600 कोटींच्या विक्रीवर येणी 10 दिवस लांबली, तर सुमारे 16 कोटी अडकून पडतात. करासाठीचा घसारा पुस्तकी घसाऱ्याहून वेगळा मांडावा.

व्याज सरासरी कर्जावर काढले, की कर्ज रोख प्रवाहावर, रोख प्रवाह नफ्यावर आणि नफा पुन्हा व्याजावर अवलंबून राहून चक्राकार संदर्भ तयार होतो. माझ्या मते पहिल्या मसुद्यात व्याज वर्षारंभीच्या शिल्लक कर्जावरच काढावे. परताव्याच्या तक्त्यात हिस्सा विकतानाच्या पटीबरोबर तो विकण्याचे वर्षही बदलून पाहावे: 250 कोटींचे 625 कोटी 5 वर्षांत झाले तर आयआरआर (गुंतवणुकीवरील वार्षिक परताव्याचा दर) सुमारे 20 टक्के येतो, 7 वर्षे लागली तर 14 टक्क्यांवर उतरतो. परदेशी निधी असल्यास हाच तक्ता डॉलरमध्येही काढावा.

फाइल वरिष्ठांकडे पाठवण्याआधी तिची प्रत काढून त्यात विक्रीची वाढ शून्य करावी, नंतर कर्ज शून्य करावे, आणि प्रत्येक वर्षाचा ताळेबंद जुळतो का ते पाहावे. फरक दिसल्यास तो जुळवण्यासाठी एखाद्या ओळीत आकडा कोंबू नये.